फिल्म कालबाह्य झालेली नाही

मा. संपादक,

कर्करोगाच्या किरणोपचारांवरील आपल्या लेखात ‘तपासणी आता पूर्णपणे डिजिटल, फिल्मची गरज उरलेली नाही’ असे म्हटले आहे. तपासणी म्हणजे आखलेल्या प्लॅनप्रमाणे किरणांचा डोस खरोखर पडतो का, हे मोजून पाहणे. ते अर्धेच खरे आहे. डार्करूममधली चांदीची फिल्म गेली. विखुरलेल्या कमी ऊर्जेच्या किरणांना ती वाजवीपेक्षा जास्त काळी पडायची, तेव्हा तिची हळहळ नको. आज वापरतात ती रेडिओक्रोमिक फिल्म निराळी आहे. ईबीटी३ प्रकारात पॉलिएस्टरच्या दोन थरांमध्ये २८ मायक्रॉनचा संवेदनशील थर असतो. किरण लागले की पिवळसर फिल्म आपोआप हिरवी, मग काळपट होत जाते. डेव्हलपर लागत नाही. रंग किती गडद झाला ते स्कॅनरने वाचून डोस काढतात.

तिची गरज कुठे पडते? मेंदूतल्या एक-दीड सेंटिमीटरच्या गाठीला एकाच बैठकीत १८-२० ग्रे (ग्रे हे डोसचे एकक) द्यायचे असतात आणि कडेला डोस मिलिमीटरमागे १० टक्क्यांच्या आसपास उतरतो. नेहमीच्या डिटेक्टर ॲरेत, म्हणजे डोस मोजणाऱ्या डिटेक्टरांच्या पाटीत, दोन डिटेक्टरांमधले अंतर ७ ते १० मिलिमीटर. गाठीची कड नेमकी त्या मोकळ्या जागेत पडते. अडीच मिलिमीटरचे ॲरेही निघाले आहेत, पण ते सगळीकडे नाहीत. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) स्कॅन केलेल्या फिल्मचा एक ठिपका मात्र ०.३५ मिलिमीटरचा असतो.

फिल्म बदनाम झाली ती बहुतेक स्कॅनरपायी. फिल्मचा तुकडा मूळ शीटमध्ये जसा होता त्याच दिशेने स्कॅनरच्या काचेवर ठेवायचा. आडवीची उभी झाली की आकडा बदलतो. म्हणून कापण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या एकाच कोपऱ्यात खूण करावी. काचेच्या मध्यापासून बाजूला सरकलो की स्कॅनर डोस चुकीचा वाचतो, आणि डोस जास्त तितकी ही चूक मोठी. फिल्म वळलेली असेल तर वरून काच ठेवून ती सपाट करावी. रंगसुधारणेचे सगळे पर्याय बंद, ४८ बिट रंग, ट्रान्समिशन मोड (प्रकाश फिल्ममधून आरपार जाऊ देणारा). सुरुवातीचे चार-पाच स्कॅन रिकामेच काढून टाकावेत, दिवा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

दुसरी चूक घाईची. किरण दिल्यानंतरही रंग कित्येक तास गडद होत राहतो. कॅलिब्रेशनच्या पट्ट्या (ज्ञात डोस देऊन कोणत्या डोसला किती रंग हे ठरवणाऱ्या) २४ तासांनी वाचल्या असतील आणि रुग्णाच्या प्लॅनची फिल्म अर्ध्या तासात वाचली, तर डोस कमी दिसणारच. घाई असेल तर ज्ञात डोसची एक पट्टी आणि एक कोरी पट्टी प्लॅनच्या फिल्मसोबत एकाच स्कॅनमध्ये घ्यावी. पट्टी आणि प्लॅन यांना किरण देण्यात १० मिनिटांचे अंतर असेल, तर त्याच्या किमान चौपट, म्हणजे ४० मिनिटे थांबावे. फिल्मचा नवा लॉट आला की कॅलिब्रेशन नवे; जुना आलेख चालवून घेऊ नये. आणि १० ग्रेच्या वर स्कॅनमधल्या लाल रंगाच्या चॅनलवर विसंबू नये: हिरवा वापरावा किंवा जास्त डोससाठीची ईबीटी-एक्सडी फिल्म घ्यावी.

शेवटी गॅमाचा आकडा, म्हणजे प्लॅनमधला आणि मोजलेला डोस किती टक्के बिंदूंवर जुळला ते. ‘९८ टक्के उत्तीर्ण’ एवढेच अहवालात लिहून भागत नाही. एएपीएम या अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ३ टक्के/२ मिलिमीटर (डोसातला आणि जागेतला चालणारा फरक) या निकषाला ९५ टक्के ही मर्यादा आहे, आणि स्टिरिओटॅक्टिक, म्हणजे छोट्या जागी नेमका मोठा डोस देणाऱ्या, उपचारांना निकष त्याहून कडक हवा. तपासायचे चित्र म्हणून दाणेदार, गोंगाटी फिल्म दिली तर गॅमा उगाच सुधारतो. फिल्मचा डोस प्लॅनशी जुळेल असा मागाहून गुणून घेतला, तर सरसकट ४ टक्के कमी गेलेला डोसही उत्तीर्ण होतो, म्हणून मध्यबिंदूवर छोट्या आयन चेंबरचे (डोस मोजणाऱ्या दुसऱ्या उपकरणाचे) वेगळे मापन हवेच. नापास बिंदू विखुरलेले आहेत की सगळे गाठीच्या एकाच कडेला, तेही डोळ्यांनी पाहावे. एकाच बाजूला असतील तर आधी फिल्मची जागा दाखवणाऱ्या तिच्यावरच्या लेझरच्या खुणा तपासाव्यात, मग यंत्राकडे वळावे.

यंत्रासाठी कोट्यवधी मोजणाऱ्या रुग्णालयांनी फिल्मची पेटी, ए-३ स्कॅनर आणि फिजिसिस्टला यंत्रावरचा वेळ हेही खरेदीच्या वेळीच धरावे. तो स्कॅनर ऑफिसातल्या कागदांसाठी मात्र देऊ नये. काचेवरचा बोटाचा ठसाही डोस म्हणून वाचला जातो.

– एक मेडिकल फिजिसिस्ट, पुणे