मकुएनीला निघालेल्या लेकीस

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू नैरोबीला सुखरूप पोचल्याचा निरोप आईने वाचून दाखवला, तेव्हा जीव भांड्यात पडला. निघण्याच्या आदल्या रात्री जेवताना आपले जे बोलणे निघाले ते अर्धवटच राहिले आणि विमानतळावर आत्या, बापू आणि सामान यांच्या गडबडीत ते पुरे करता आले नाही, म्हणून हे पत्र. केनियातल्या त्या मुलीबद्दल तू म्हणालीस, "या वेळी मी तिला समोर बसवून सांगणार आहे, की नर्सिंग पुरे होईपर्यंतचा सगळा खर्च माझा." मी "असा शब्द देऊ नकोस" एवढेच म्हणालो आणि तू पानावरून उठलीस. तुला वाटले असेल की अण्णा पैशांचा हिशेब मांडत आहेत. तसे नाही. त्या मुलीची वसतिगृहाची फी तू दर सत्राला स्वतःच्या पगारातून भरतेस, हे मी गावात ज्याला त्याला सांगत असतो; पोस्टमास्तर तर आता मलाच विचारतात, की तुमची केनियातली नात कितवीला गेली.

तू रेल्वेने एमालीला उतरून पुढे मकुएनी जिल्ह्यातल्या तिच्या गावाकडे जाशील. दिवसाउजेडी पोच आणि त्या बोडाबोडा मोटारसायकलींवर बसू नकोस, एवढे सांगून प्रवासाचा विषय संपवतो.

तुझ्या फोटोंवरून तो मुलूख मला आपल्या माण-खटावचा सख्खा भाऊ वाटतो. पाऊस तिथे वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि तिथल्या कांबा जमातीच्या शेतकऱ्यांची भिस्त असते ती दुसऱ्या, आखूड पावसावर. २०२० च्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात सलग पाच हंगाम हुकले, तेव्हाच या मुलीचे शिक्षण अडले होते, हे तूच सांगितलेस. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे आणि २००८ पासून माध्यमिक शाळांच्या शिकवणीचा भारही सरकारने उचलला, पण वसतिगृहाचे जेवण, गादी, गणवेश हे सारे घरच्यांच्याच माथी येते. फी थकली की मुलांना भर सत्रात घरी धाडतात. आपली पत्र्याची पेटी मैत्रिणीच्या खाटेखाली ढकलून ती पायी घरी आली, ही तू सांगितलेली गोष्ट माझ्या मनातून जात नाही. अशा मुलीसमोर बसल्यावर तुझे मन किती भरून येईल हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मला त्या शब्दाची भीती वाटते.

हा विषय आता पुन्हा काढायचा नाही असे ठरवले आहे. तुमच्या मंडळाने मदत केलेल्या तिथल्या वाळूच्या बंधाऱ्याबद्दल लिहितो. खात्यात माझी सारी नोकरी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर गेली. पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे दारांच्या फळ्या, काढायच्या, पुराबरोबर गाळ वाहून जाऊ द्यायचा, आणि परतीचा पाऊस सरत आला की बर्गे घालून पाणी अडवायचे. गाळ हा आमचा वैरी. तिथे नेमके उलटे आहे. नदीच्या पात्रातल्या कातळावर भक्कम भिंत बांधतात, पुरासोबत येणारी वाळू भिंतीमागे साठू देतात, आणि वाळू भरड असेल तर तिच्या आकारमानाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी तिच्या पोटात मावते. वरची हातभर वाळू सोडली तर ऊन त्या पाण्याला फारसे शोषू शकत नाही, डास त्यात अंडी घालू शकत नाहीत (हे आईला मुद्दाम वाचून दाखवले), आणि वाळूतून गाळून येते म्हणून ते नितळही असते. दगड गोळा करणे, वाळू आणि पाणी वाहणे ही कामे गावकरी म्वेथ्या नावाच्या गटांत एकत्र येऊन करतात, आपल्याकडे इर्जिक होत असे तसे. बाहेरून येते ते सिमेंट आणि लोखंड. तुमच्या मंडळाने सिमेंट दिले, ते उत्तम केले. पण तिथे उभी राहून "आम्ही बांधलेला बंधारा" असे म्हणू नकोस. ज्या बायांनी डोक्यावरून दगड वाहिले त्या समोर उभ्या असतील.

१९७२ च्या दुष्काळात माईआजी माणगंगेच्या कोरड्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने घागर भरायची. एक वाटी काढली की तळाशी पाणी पुन्हा पाझरेपर्यंत उकिडवी बसून राहायची, आणि वाटीत वाळूचा कण आला तर ते पाणीही सांडू न देता फडक्यातून गाळून घ्यायची. पुढे ट्रक भरभरून वाळू गेली आणि वाळूबरोबर झिरेही गेले. मकुएनीच्या लोकांनी हा धोका वेळेवर ओळखला. २०१५ मध्ये त्यांच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारने, वाळूच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदाच केला. माईआजी हे ऐकायला हवी होती.

तरीही मन फिरून त्याच शब्दावर येते, तेव्हा का ते एकदा सांगूनच टाकतो. हे मी तुला कधी सांगितले नव्हते, बापूला थोडेसे माहीत आहे. मी नववीत असताना आमच्या बोर्डिंगला मुंबईचे एक दाते आले होते. नीळ घातलेले सदरे घालून आम्हाला रांगेत उभे केले होते आणि प्रत्येकाच्या हातावर एक पेढा ठेवला होता. गुरुजींनी माझे गणिताचे गुण सांगितले, तशी त्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅट्रिक हो, पुढचे इंजिनिअरिंग माझ्याकडे लागले." माणूस भला होता, मनापासून बोलला होता, त्याचे डोळे भरून आले होते. मुंबईला गेल्यावर कामाच्या रगाड्यात तो विसरला असेल, मी विसरलो नाही. निकाल लागल्यावर कार्ड टाकले, मग दुसरे टाकले, आणि पाऊस सुरू झाला तरी दुपारी पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहत असे. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्या शब्दाच्या भरवशावर, माझ्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून बैलजोडी घेतली होती. ती पुन्हा बाजारात नेऊन, पडेल त्या भावाने विकून त्यांनी मला कराडच्या पॉलिटेक्निकात घातले. बैल गेल्यावर ते मला एक शब्दही बोलले नाहीत.

त्या मुलीच्या घरीही तेच होईल. तू नर्सिंगचा खर्च उचललास असे कळले, की मतदारसंघाच्या निधीतून मिळणाऱ्या मदतीचा अर्ज कोणी भरणार नाही, जपून ठेवलेली शेळी धाकट्या भावासाठी विकली जाईल, आणि यात त्यांची काहीच चूक नसेल. तुझ्या कंपनीत माणसे कमी करत आहेत, हे तू आईला सांगितलेस, मला सांगितले नाहीस. आईच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे. घराचे हप्ते आहेत, आणि उद्या तुलाच थांबावे लागले तर नैरोबीच्या पलीकडे एक मुलगी मोबाईलकडे बघत बसेल आणि तिला कारणही कळणार नाही.

फार बोललो. रागावू नकोस. एवढ्या लांब, स्वतःच्या रजा खर्चून, कुणाच्याही सांगण्यावाचून निघालेल्या मुलीला मी शहाणपण शिकवावे हे मला शोभत नाही. तुझ्या वयात मी तालुक्याबाहेर कुणाला एक वहीसुद्धा घेऊन दिली नव्हती. तरी एवढे कर: वर्षअखेरच्या केसीएसई, म्हणजे तिथल्या माध्यमिक शाळेच्या शेवटच्या, परीक्षेपर्यंतची फी भरून झाली आहे, हे तिला स्पष्ट सांग, कारण ते पैसे खरोखरच पोचले आहेत. निकाल नव्या वर्षात लागेल. पदवीला जायचे तर किमान सी प्लस श्रेणी लागते, पदविकेची अट वेगळी असते, तेव्हा पुढचे त्या वेळी बोलता येईल. आणि तिला नर्सच व्हायचे आहे का, हेही विचार. नर्सिंग हे तुझ्या मनात आधी आले की तिच्या, ते मला तुझ्या पत्रांवरून कळले नाही.

आई सांगते की मच्छरदाणीत झोप, गोळ्या परतल्यावरही सांगितले तितके दिवस घे, आणि पिवळ्या तापाच्या लशीचे कार्ड हाताशी ठेव, नाहीतर मुंबईला अडवतील. आपण माळकरी आहोत हे तिथल्या शिक्षकांकडून मुलीच्या घरच्यांना आधीच कळव. पाहुणा आला की कोंबडी कापण्याची त्यांची रीत आहे, आणि तू ती खाणार नाहीस हे ऐनवेळी कळले तर त्यांची कोंबडीही जाईल आणि मनही दुखावेल. मका आणि घेवड्याचे मुथोकोई मात्र पोटभर खा. बायांनी घायपाताची विणलेली टोपली पुढे केली तर नको म्हणू नकोस.

बंधाऱ्यावर गेलीस की दोन्ही काठांना भिंत जिथे मातीत शिरते तिथला फोटो काढ. मधली भिंत सहसा जात नाही, पाणी काठ पोखरून बाजूने वाट काढते, आणि तुझ्या आधीच्या फोटोत डाव्या काठाला माती ढासळल्यासारखी दिसते आहे. तिथल्या समितीला विचार की त्यांनी ती कधी पाहिली, आणि ते काय म्हणतात ते मला लगेच कळव.

तुझा,
अण्णा