यशवंतसागरची लेव्हल छापता, मग जमिनीतल्या पाण्याची पण छापा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात तुमच्या पेपरात रोज आपल्या इंदूरच्या यशवंतसागर तलावाची लेव्हल येते, १९ फूट झालं की गेट उघडणार वगैरे, एअरपोर्टला किती इंच पाऊस झाला तेही येतं, आणि आमच्या घरी चहाबरोबर आधी तेच वाचलं जातं. पण आमच्या कॉलनीत नर्मदेचा नळ येतो एक दिवसाआड, बाकी सगळं बोरिंगवर, आणि त्या जमिनीतल्या पाण्याची लेव्हल मात्र मी कधीच पेपरात बघितली नाही.

हा आकडा कुणाकडे नाही असं नाहीये हो. केंद्रीय भूजल मंडळाची माणसं ठरलेल्या विहिरींमध्ये वर्षातून चार वेळा पाणी किती खोल आहे ते मोजतात, पावसाळ्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीत. उन्हाळ्याचा आणि नोव्हेंबरचा आकडा शेजारी ठेवला की त्या पावसानं खाली किती भरलं ते लगेच कळतं.

मला हे एवढं का लागलंय ते सांगते. १९९४ साली आमच्याकडे १८० फुटांवर छान पाणी लागलं होतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीतच मोटर नुसती हवा ओढायला लागली, बोरिंगवाला म्हणाला, दीदी और नीचे चलो, नीचे बहुत पानी है, म्हणून नवीन बोर ५२० फुटांपर्यंत नेलं, पैसे गेले आणि धूळ निघाली. शेजारच्या काकांकडे २२० वर अजून पाणी आहे! मग भाच्यानं समजावलं, तो जिऑलॉजी शिकलाय. आपल्या माळव्याखाली लाव्हाचा काळा दगड आहे, थरावर थर, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्ये, भेग लागली तर लागली नाहीतर कितीही खोल जा. आणि सरकारी हिशोबात या दगडातून मिळण्याजोगं पाणी साधारण २ टक्केच धरतात, म्हणजे लेव्हल एक मीटर उतरली तर खरं पाणी फक्त दोन सेंटीमीटर गेलेलं असतं. हे ऐकून मी हबकलेच. म्हणजे आपल्याखालचं भांडं मुळातच इतकं छोटं, थोडं जास्त ओढलं की लेव्हल धाडकन खाली, आणि आपण सगळे त्यातच एकमेकांच्या शेजारी बोर मारतोय. इंदूर अतिदोहित वर्गात आहे ते याचमुळे, वर्षभरात वापरण्याजोगं जेवढं मुरतं त्याच्यापेक्षा जास्त उपसलं जातंय.

कान्ह नदीचंही हेच आहे असं मला वाटतं. दिवाळीनंतर पाऊस नसताना नदी-नाले वाहतात ते जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर, जमिनीतली लेव्हल नदीच्या तळाखाली गेली की झरे बंद आणि मग नदीत ड्रेनेजचंच पाणी उरतं. घाट आणि काठ सजवून नदी वाहती होत नाही, ते काम विहिरींची लेव्हल वर आल्यावरच होईल.

उन्हाळ्यात नवीन बोरिंगवर बंदी येते, ती बरोबरच आहे, पण ती येईपर्यंत उशीर झालेला असतो. नोव्हेंबरमध्येच लोकांना कळलं की यंदा आपल्या भागात विहिरी नेहमीपेक्षा खाली आहेत, तर गाडी पाइपनं धुवायची का, छताचं पाणी खाली सोडायला खड्डा आत्ताच करून घ्यायचा का, हे माणूस आधीच ठरवेल. नर्मदा १९७८ साली आली तेव्हापासून आपण निर्धास्त झालो, पण ते पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून, ७० किलोमीटर लांबून, पंपानं चढवून आणावं लागतं हो, नळ असा एक दिवसाआड येतो तो उगाच नाही.

म्हणून विनंती, मंडळाचे आकडे आले की भागाप्रमाणे एक छोटी चौकट छापा, मागच्या वर्षीच्या आकड्यासकट. आमच्या जुन्या बोरमधली मोटर काढलीये, त्यात दोरीला वजन बांधून मी दर एक तारखेला मोजते. ऑगस्टमध्ये पाणी ६० फुटांवर होतं, जानेवारीत १३० वर. वहीत सगळं लिहिलेलं आहे, पाहिजे तर पाठवते.

आपली,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर