सगळ्यात मागे चालवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. तोंडावर मानायला गेलं की तुमची नजर समोरच्याच्या चेनकडे जाते, "ढिली आहे ही" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहून टाकतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. जुनी ॲडव्हेंचर गाडी (कच्च्या-पक्क्या वाटांवर लांब पल्ल्याला न्यायची मोटरसायकल) घेऊन बसलेले माझ्यासारखे बरेच आहेत. त्यांना तुम्ही भेटलाच असाल असं नाही.

सुरुवात त्या चार्जिंगच्या भानगडीपासून करतो, कारण माझ्या गाडीची आणि माझी खरी ओळख तुम्ही त्या दिवशी करून दिलीत. बॅटरी नवी, तरी दिवे अंधुक व्हायचे आणि गाडी मध्येच मान टाकायची. ज्याला विचारावं तो म्हणे बॅटरी बदल, नाहीतर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) बदल. तुम्ही काहीच बदललं नाहीत. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढलात आणि बॅटरीच्या टोकांना लावायला लावलात, मला. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग गाडी सुरू करून रेस चार-पाच हजारावर धरायला सांगितलीत. तिथे 14 च्या जवळपास आकडा हवा होता. तो बारावरच रेंगाळत होता आणि हळूहळू खाली येत होता.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. स्टेटर, म्हणजे इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल, तिच्यातून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी सुट्या केल्यात. इंजिन चालू ठेवून दोन-दोनच्या जोड्यांमध्ये एसी व्होल्टेज मोजायला लावलंत. तिन्ही जोड्यांत सारखंच आलं. मग इंजिन बंद करून तिन्ही वायरी बॉडीला कुठे भिडतात का ते बघितलंत. नव्हत्या. म्हणजे स्टेटर निर्दोष सुटला. मग तुम्ही रेग्युलेटरकडे जाणारा कनेक्टर उघडलात आणि नुसता माझ्यासमोर धरलात. एका पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि पिनवर काळी पुटं चढली होती. एवढंच दुखणं. पिन सैल झाली की तिथे रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते, उष्णतेने पिन आणखी काळवंडते आणि आणखी सैल होते. तो कनेक्टर छाटून नवा बसवला, वायरी पिनांवर नीट दाबून (क्रिंप करून) बसवल्या आणि आकडा 14.1 वर जाऊन बसला. स्टेटर आणि रेग्युलेटर आजही तेच आहेत.

त्या वेळी हात पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "जुन्या गाडीत लोखंड सगळ्यात शेवटी जातं. आधी रबर जातं, मग वायर, मग बेअरिंग. लोक मात्र इंजिन उघडून बसतात."

जुन्या गाड्यांबद्दल आपल्या लोकांत जे प्रेमाने बोललं जातं, त्यातलं निम्मं मला आता भाबडं वाटतं. जुनी गाडी साधी असते, रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त होते, वगैरे. साधी असते हे खरंच. 1979 ची पहिली पॅरिस-डकार रॅली सिरिल नव्हूने जिंकली ती यामाहा एक्सटी 500 वर. एअर-कूल्ड, एक सिलिंडर, किक मारून सुरू होणारी. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर 80 जी/एसमध्येही 797 सीसीचं, हवेवर थंड होणारं साधं दोन सिलिंडरचं इंजिन होतं, आणि मोठी ॲडव्हेंचर गाडी म्हणजे काय हे बऱ्याच जणांना तिच्यामुळेच कळलं. पण ही साधेपणाची गोष्ट गाडी नवी असतानाची. चाळीस वर्षांच्या गाडीत डिझाइन साधं असलं तरी रबरी होज कडक झालेले असतात, कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा (डायफ्राम) भोकं पडायच्या बेतात असतो आणि आधीच्या मालकांनी वायरिंगवर आपापली कला दाखवलेली असते. तुम्ही मला गाडीच्या प्रेमात पडण्यापासून अडवलं नाहीत. फक्त कुठे हात लावून बघायचं ते शिकवलंत.

आणि ते शिकवलंत फार बारकाईने. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल अगदी हळू फिरवायचं. मधोमध खटकन अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगचं बेअरिंग खड्डे पडून संपलेलं. स्पोकवर पान्याने टकटक करत जायचं. ताणलेला स्पोक वाजतो, ढिला बद्द आवाज देतो. टायरवर नक्षी कितीही शिल्लक असू दे, कडेचे शेवटचे चार आकडे आधी वाचायचे. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. फोर्कमधून, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधून, तेल पाझरायला लागलं की लगेच सील बदलायला धावायचं नाही, आधी जुन्या फोटो निगेटिव्हची पट्टी सीलच्या ओठाखालून फिरवून अडकलेला कण काढून बघायचा. हा शेवटचा उपाय मी पुढे कितीतरी जणांना सांगितला. निगेटिव्ह म्हणजे काय, हे त्यातल्या तरुण पोरांना वेगळं समजावून सांगावं लागतं, तो भाग सोडा.

प्रत्येक मॉडेलची खोडही तुम्हाला तोंडपाठ. मित्र जुनी कावासाकी केएलआर 650 घ्यायला निघाला, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "बॅलन्सर चेनचा ॲडजस्टर बदललाय का?" इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या त्या चेनचा ताण राखणारा मूळच्या गाडीतला छोटा लिव्हर तुटतो आणि तुकडे इंजिनात फिरतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने विचारलं, बदललेला निघाला, आणि ती गाडी आज आपल्यात आहे.

पण दादा, खरे आभार मला दुसऱ्याच गोष्टीचे मानायचे आहेत. गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ भेटतात. राइड आखायला शिकवणारं मला तुमच्याशिवाय कुणीच भेटलं नाही.

पहिल्यांदा ट्रॅक, म्हणजे राइडची वाट, आखून तुमच्यासमोर ठेवला, तेव्हा तुम्ही नकाशाकडे बघितलंही नाहीत. विचारलंत, "सगळ्यात लहान टाकी कुणाची?" आपल्यात केएलआर होती, तिची टाकी 23 लिटरची. सुझुकीची डीआर 650 पण होती, तिची 13 लिटरची. म्हणजे पेट्रोलचा हिशेब तेरावर. त्यातही वाळू आणि चढ म्हटलं की ॲव्हरेज कोसळतं, तेव्हा डांबरी रस्त्यावरचा आकडा धरायचाच नाही. मग दुसरा प्रश्न, "सगळ्यात बुटकं कोण?" मला हसू आलं होतं. तुमचा चेहरा मात्र गंभीर होता. उतारावरच्या सैल खडीत ज्याचा पाय जमिनीला नीट टेकत नाही तो कुठे थांबणार, याचा विचार ट्रॅक आखतानाच करायचा असतो. आणि तिसरा प्रश्न, "कोण दमल्यावर सांगत नाही?" त्याचं उत्तर आपल्या दोघांनाही माहीत होतं. नाव इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी ट्रॅक उलट्या बाजूने आखतो. आधी बाहेर पडायच्या वाटा शोधतो: कुठल्या फाट्यावरून अर्ध्यात सोडून पक्क्या रस्त्याला लागता येईल. मग सगळ्यात अवघड टप्पा सकाळच्या वेळात बसवतो, कारण संध्याकाळी हात गळालेले असतात आणि गाड्या तेव्हाच पडतात. दगडांच्या वाटेवर गटाची सरासरी ताशी वीस किलोमीटरही पडली तरी पुष्कळ झाली, हे धरूनच अंतर ठरवतो. एकट्याने दोन तासांत मारलेली वाट दहा जणांना अर्धा दिवस पुरते. एकाचं पंक्चर म्हणजे दहाही जणांचं पंक्चर.

आणि फाट्यावरचा तुमचा नियम. सगळ्यात पुढचा माणूस वळणावर थांबतो, त्याच्यामागचा दुसरा गडी तिथे खांबासारखा उभा राहतो, येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो आणि सगळ्यात शेवटचा आला की त्याच्या पुढे होऊन निघतो. सांगायला सोपं, पाळायला महाकठीण. धुळीत, उन्हात उभं राहून माणूस कंटाळतो. बाकी सगळे गेले, आता शेवटचा येईलच की, असं वाटायला लागतं. "शेवटचा दिसल्याशिवाय जागा सोडायची नाही. तास लागला तरी नाही," एवढंच तुमचं म्हणणं. आरशात मागच्याला बघत राहायची पद्धत काही जण अजून सुचवतात. धूळ उडत असली की आरशात फक्त धूळ दिसते. शिवाय तशी पद्धत असली की सगळे एकमेकांना चिकटून चालवतात, आणि पुढचा पडला की मागचा त्याच्यावर. या वादात मी कायम तुमच्या बाजूला.

शेवटचा म्हणजे अर्थात तुम्ही. आपल्यात सगळ्यात चांगलं चालवणारा माणूस दरवेळी सगळ्यात मागे. नव्या लोकांना हे चमत्कारिक वाटतं. पण वाटेत जो पडतो, बंद पडतो, घाबरतो, तो मागच्यालाच सापडतो. दुरुस्तीची हत्यारं, पंप, प्रथमोपचाराची पिशवी पुढच्याकडे असून काय उपयोग? ती मागेच हवी. स्पेअर म्हणून तुम्ही पुढच्या चाकाची 21 इंचाची एकच ट्यूब बाळगता, कारण वेळ पडली तर ती मागच्या टायरमध्येही दामटून बसवता येते, उलटं करता येत नाही. टायरचा बीड, म्हणजे रिमला घट्ट बसलेली कड, सुटत नसला की दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड त्याच्यावर टेकवून दाबायचा. हे सगळं मी मागे तुमच्यासोबत थांबून शिकलो. पुढे असतो तर काहीच शिकलो नसतो.

ओढ्यात आडवी झालेली ती गाडी आठवत असेल. मालक बिचारा काठावर येताच सेल्फचं बटण दाबायला निघाला आणि तुम्ही ओरडलात. तुम्हाला ओरडताना ऐकल्याचं मला तेवढंच आठवतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तुम्ही प्लग काढलात, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलंत आणि मग सेल्फ मारलात. प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली. एअर फिल्टर पिळून वाळवला, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतलं पाणी सोडलं, आणि थोड्या खोकल्यानंतर गाडी बोलायला लागली. मग तुम्ही शांतपणे विचारलंत, "आधी चालत जाऊन खोली बघितली होती का?" उत्तराची वाट न बघता हेल्मेट घातलंत. त्या दिवसानंतर आपल्यातला प्रत्येक जण ओढ्यापाशी आधी बूट भिजवतो.

या सगळ्याबद्दल, दादा, मनापासून आभार. त्या कनेक्टरबद्दल, त्या तीन प्रश्नांबद्दल, आणि इतकी वर्षं सगळ्यांची धूळ खात मागे राहिल्याबद्दल. डोळ्यांतली धूळ धुताना तुम्ही कधी कुरकुरला नाहीत. आम्ही मात्र पुढे जाऊन निवांत फोटो काढत बसायचो.

पुढच्या राइडचा ट्रॅक तुम्हाला पाठवलाय. बाहेर पडायला दोन वाटा आहेत, 13 लिटरच्या टाकीचा हिशेब बसतोय, आणि ओढा सकाळीच लागतो. फाट्यांवर खुणा केल्यात, पुढे चालवणाऱ्याकडे आणि माझ्याकडे दोन्हीकडे तोच ट्रॅक आहे. माझ्याकडे यासाठी की या वेळी मागे मी राहणार आहे. हत्यारांची पिशवी भरून ठेवली आहे. तुम्ही सगळ्यांत पुढे जायला तयार होणार नाही, म्हणून निदान मधे चालवा. नाहीच म्हणायचं असेल तर ट्रॅकमध्ये चूक काढून दाखवा, मगच म्हणा.

तुमचा,
गटातला तो, ज्याच्या गाडीचे दिवे आता अंधुक होत नाहीत