बाबा, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा

मांद्रे, गोवा
२ डिसेंबर

ती. बाबा, ती. सौ. आई, ती. आप्पा आणि ती. आजी यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा आईनं फोनवर सांगितलं की तुम्ही मोबाईलवर बघून देवघराच्या भिंतीशी शीर्षासन सुरू केलंय. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर बोलले असते तर दोघांचेही आवाज चढले असते, म्हणून पत्र लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी डोळ्यांना ताण पडला तर आईला मोठ्यानं वाचायला सांगा, आप्पांनाही ऐकू जाईल असं.

मुख्य गोष्ट आधीच लिहून टाकते. शीर्षासन आजपासून बंद करा. तुम्हाला काचबिंदू आहे. त्यात डोळ्याच्या आतला दाब नजरेच्या नसेला सोसत नाही, आणि शीर्षासनात तो दाब जवळजवळ दुप्पट होतो. हे तपासून, मोजून पाहिलेलं आहे. निरोगी डोळ्यांचाही दाब वाढतो, पण त्यांचं निभावून जातं. तुमचं निभणार नाही. रात्री दाब उतरावा म्हणून थेंब घालायचे आणि सकाळी उलटं उभं राहून तोच दाब चढवायचा, असं चाललंय हे. ओणवं होऊन डोकं खाली जातं त्या आसनांतही दाब वाढतो, म्हणून तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. नजर एकदा गेली की ती कुठलंच औषध परत आणत नाही.

हे मला इथं योगाच्या वर्गावर काम करताना कळलं. वर्गात नाव घालायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी एक कागद भरून घेते: डोळे, रक्तदाब, मान, कंबर, बाळंतपण. नोकरीला लागले तेव्हा मला ते नुसतं कारकुनी काम वाटायचं. आमच्या शिक्षिका जर्मन आहेत, पासष्टीच्या. त्या तो कागद रोज रात्री वाचतात आणि सकाळी कुणाला काय द्यायचं नाही हे आधी ठरवतात. काय द्यायचं ते नंतर.

आजीच्या लेखी मी अजून परमुलखातच आहे. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथं पोर्तुगीजांचंच राज्य होतं. बांद्याहून एसटी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर आली की आप्पांची आठवण येतेच. १९५५ च्या १५ ऑगस्टला तिथं सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ते आप्पांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. आता त्याच नाक्यावरून मी पगाराला येते-जाते. इथं देवळात भजन मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत, वाण्याशी बोलणं कोकणीत, आणि वर्गात रशियन, जर्मन, इस्रायली माणसं. ऑक्टोबर ते मार्च हरमलपासून मोरजीपर्यंत किनाऱ्याला जागोजाग झावळ्यांच्या मांडवात योगाचे वर्ग भरतात. कितीतरी जण महिनाभर राहून २०० तासांचा शिक्षक होण्याचा कोर्स करतात. २०० तासांची ही मोजणी अमेरिकेतल्या एका संस्थेनं घालून दिली आणि सगळीकडे तीच चालते. मला ती फार अपुरी वाटते. महिन्याभरात माणूस आसनं शिकेल, पण समोरच्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे ओळखायला कुठून शिकणार?

आमच्या जर्मन बाई पंचवीस वर्षं पुण्याला येऊन-जाऊन शिकल्या, अय्यंगार गुरुजींच्या योगसंस्थेत. मी औंधची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "पंतप्रतिनिधींचं औंध?" माझ्या अंगावर काटाच आला. आप्पा, तुमच्या राजेसाहेबांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९२८ साली निघालं आणि पार इंग्लंडपर्यंत गेलं, हे मला बाईंकडून कळलं. तुम्ही शाळेच्या पटांगणात रांगेत उभं राहून 'ॐ ह्रां, ॐ ह्रीं' म्हणत नमस्कार घातले, ते आम्हा पोरांना शाळेतल्या पी.टी.सारखं वाटायचं. इथं त्याच नमस्कारांनी वर्ग सुरू होतो. लोक विमानानं येतात ते शिकायला. आपल्या घरात मात्र तुम्ही सत्त्याऐंशीव्या वर्षीही पहाटे घालता आणि आम्ही कुणी कधी बाजूला उभं राहिलो नाही. त्याचं मला आता फार वाईट वाटतं.

बाबा, तुम्ही आईला म्हणालात की शीर्षासन केल्याशिवाय योग कसला. म्हणून थोडं मागचं लिहिते. पतंजलींची सूत्रं दोनशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतली आसनावरची जेमतेम तीन. पहिलंच 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं बसणं. बाकी सगळं मन, श्वास आणि वागणूक यांच्याबद्दल. आसनांची भरती पुढं हठयोग्यांनी केली. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेतसुद्धा पंधराच आसनं आहेत, आणि त्यांतली बरीचशी बसायची. आजच्या वर्गातला भराभर वाहणारा प्रकार तर गेल्या शंभरेक वर्षांतला. त्यानं त्याची किंमत कमी होत नाही, आप्पांच्या नमस्कारांची तर नाहीच. पण त्यातलं एखादं आसन सोडलं म्हणून योग सुटत नाही.

आणि आजी, तू पारायणात सहावा अध्याय वाचतेस तेव्हा मी लहानपणी तुझ्या मांडीवर झोपून जायचे. ज्ञानेश्वरांनी तिथं योगाला बसायची जागा सांगितलीय, मुळापासून गोड असलेल्या झाडांची, आणि मग कुंडलिनी, कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलासारखी वेटोळं घालून निजलेली. ज्ञानोबा नाथपंथातले, गोरखनाथ-गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि तिथून त्यांच्याकडे आलेली ती विद्या. १२९० साली त्यांनी ती मराठीत आणली. इथं परदेशी माणसं मला कुंडलिनीबद्दल विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. सुट्टीत आले की तुझ्याजवळ बसून तो अध्याय नीट वाचायचाय.

बाहेरच्या जगात योग कसा पोचला त्याचाही एक धागा गोव्यातून जातो. शिकागोला जायच्या आदल्या वर्षी, १८९२ मध्ये, विवेकानंद बेळगावहून मडगावला आले होते आणि राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचत बसले होते. मी राशोलला मुद्दाम जाऊन आले. टेकडीवरची ती पांढरी इमारत बघताना वाटलं, दुसऱ्याचं नीट वाचून घेतलेला माणूसच आपलं नीट सांगू शकतो. पुढं १९५२ साली व्हायोलिनवादक मेन्युहिन मुंबईत अय्यंगारांना भेटले आणि त्यांना युरोपला घेऊन गेले. जागतिक योग दिनाचा ठराव डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा १७७ देश पाठीशी होते. पण एवढ्या गर्दीत ज्यांनी हे तपासायला घेतलं ते मला जास्त जवळचे वाटतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि क्ष-किरण यंत्रं, दाबमापकं लावून क्रिया तपासल्या. नौलीत, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायच्या क्रियेत, मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. बाबा, तुम्ही एसटीत तीस वर्षं गाडी चालवलीत, हवेचा दाब काट्यावर बघितल्याशिवाय डेपोतून गाडी बाहेर काढली नाहीत. डोळ्यांचंही तसंच करायचं.

मग तुम्ही काय करावं? तुमची दोन दुखणी योगाला खरोखर साजेशी आहेत. एक कंबर. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शनात जुन्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी करायच्या उपायांत योग धरलाय. फायदा बेताचाच असतो आणि दोन-तीन महिने नेमानं केलं तर. बाई तुमच्यासाठी खुर्चीवरचं सांगतात: खुर्चीवर आडवं बसायचं, पाठ दोन्ही हातांनी धरायची, श्वास सोडत हळू वळायचं. मग जमिनीवर उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, दहा मिनिटं.

दुसरं रक्तदाब. इथं आमची घरमालकीण आंटी रोज संध्याकाळी माळ हातात घेऊन तेर्स, म्हणजे मेरीमातेची प्रार्थना, म्हणते. 'नमान मोरिये' अर्धं ती म्हणते, उरलेलं तिची बहीण. मी पायरीवर बसून ऐकते. आधी मला वाटायचं, मन लागतं ते सुरामुळं. मग बाईंनी एक गोष्ट सांगितली. इटलीत २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली तीच प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास मोजला. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तरतरीत झाली. २००१ साली हे छापून आलं. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तर बाबा, ताठ बसा, मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. मध्ये कोंडायचा नाही, जोर लावायचा नाही. दहा मिनिटं, आजीच्या जपाच्या वेळी, तिच्याच शेजारी. रक्तदाब त्यानं थोडाच उतरतो, म्हणून गोळी चालूच ठेवायची. तिला हात लावू नका.

आप्पांबरोबर नमस्कार घालायची हौस असेल तर तीही डॉक्टरांना विचारून, कारण नमस्कारातही डोकं खाली जातंच. आई, तू मात्र उद्यापासून आप्पांच्या बाजूला उभी राहा. तुझे गुडघे दुखतात, म्हणून तीनच घाल, आणि वाकताना गुडघे मोकळे सोड.

बाबा, गुरुवारी साताऱ्याला डोळे दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: दाब आत्ता किती आहे, शीर्षासनाचे किती दिवस झाले ते ऐकून त्यांना काय वाटतं, आणि कुठल्या आसनांना मनाई आहे. दोन्ही डोळ्यांचे आकडे आईनं वहीत लिहून घ्यावेत. संध्याकाळी सातला मी फोन करीन, तेव्हा आधी ते आकडे वाचून दाखवा. आणि भिंतीजवळची उशी आजच आत नेऊन ठेवा.

तुमची
सुमी