शंभराच्या आतल्या शाळांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय समुपदेशकांवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५मधल्या सूचनांचा त्यात उल्लेख आहे. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा, कमी असतील तिथे बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. लेख मी मावशीला मोठ्याने वाचून दाखवला, कारण तिला आता बारीक टाइप दिसत नाही. शंभरचा आकडा आला तशी ती म्हणाली, "म्हणजे आमची शाळा सुटली!"

मावशी बडोद्यातल्या दांडिया बाजारातली. पी.टी.सी. (प्राथमिक शिक्षकांचा अभ्यासक्रम) करून १९८१मध्ये जिल्हा पंचायतीच्या शाळेत लागली, तेव्हाच्या संखेडा तालुक्यातल्या एका गावात. निवृत्त झाली २०१५मध्ये. तोवर तो भाग छोटाउदेपूर जिल्ह्यात गेला होता. शाळेचा पट कधी साठ, कधी सत्तर. बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनवरून छोट्या (नॅरोगेज) आगगाडीने बोडेली, तिथून मिळेल त्या जीपने पुढे. दोन वर्षं असं केल्यावर तिने गावातच खोली घेतली आणि शनिवारी सकाळची शाळा आटोपून घरी यायला लागली. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि मुलांच्या तोंडी राठवी, तिथल्या राठवा आदिवासींची बोली. "पहिली दोन वर्षं मीच पहिलीत होते," असं ती सांगते.

सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण १८९३मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं केलं, हे आपण बडोदेकर छाती फुगवून सांगतो. त्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. मावशीच्या हाती दंडबिंड काही नव्हतं. ती जाऊन पालकांच्या ओट्यावर बसायची.

दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून सौराष्ट्रात मजुरीला जायची, ती होळीला परत. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात ती एक चिठ्ठी घालायची, "हे मूल चौथीत आहे, भागाकार येतो, कृपया वर्गात बसू द्यावे." कुठल्या शाळेत पोहोचेल ते ठाऊक नाही, त्यामुळे वर मायना नुसता "आदरणीय मुख्य शिक्षक". किती चिठ्ठ्या पोहोचल्या कोण जाणे. एका मुलीने मात्र होळीनंतर आल्यावर तिथल्या गुरुजींचं उत्तर आणून दिलं होतं. ते अजून मावशीच्या पेटीत आहे.

आता दहावी काही तिच्या शाळेत नव्हती. तरी निकालाच्या दिवशी तिची जुनी मुलं तिच्याच दारात. एक मुलगी गणितात नापास झाली. बापाने तिला कापूस वेचायला न्यायचं नक्की केलं होतं. मावशी तीन संध्याकाळी त्यांच्याकडे गेली आणि तिन्ही वेळा शाळेचा विषय काढलाच नाही. मका कसा आहे, म्हैस व्याली का, एवढंच. चौथ्या दिवशी बापच विचारता झाला, "बेन, ती परत परीक्षा असते म्हणतात, ती कधी?" मुलगी पूरक परीक्षेत पास झाली. आज ती परिचारिका आहे.

समुपदेशन हा शब्द मावशी वापरत नाही. तिच्याकडे वह्या आहेत, दरवर्षीची एक. प्रत्येक मुलापुढे एक-दोन ओळी. "फळा दिसत नाही, पुढे बसवणे." "वडील रात्री पितात, गृहपाठ विचारू नये." "हात चांगला, मोटार खोलतो, आयटीआयचे बघणे." त्या शेवटच्या ओळीसाठी ती रजा टाकून आयटीआयमध्ये गेली आणि आठवी पासवर कुठल्या ट्रेडला घेतात ते लिहून आणलं.

सगळंच साधलं असं नाही, आणि ते ती लपवत नाही. एक हुशार मुलगा होता. तिने हट्टाने त्याला विज्ञान शाखेला घातलं, शहरातल्या वसतिगृहात ठेवलं. दिवाळीच्या आत तो परत आला, तो कायमचाच. वहीत त्याच्या नावापुढे तिने लिहिलंय, "मी विचारले नाही." त्यानंतर ती मुलांना "तुला काय व्हायचंय" याच्या आधी "तुला काय नकोय" असं विचारायला लागली.

हे सगळं जनगणना, मतदार याद्या, निवडणुका सांभाळून, आणि दाखल्यांच्या खेपा घालून. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली की नववी ते बारावी शिष्यवृत्ती मिळते. आता ती वर्षाला १२,००० रुपये आहे, मावशीच्या वेळी ६,००० होती. उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्यामुळे फॉर्म राहिलेली मुलं तिला नावानिशी आठवतात. कारकुनाचंही नाव आठवतं, पण ते मी लिहीत नाही.

माझं म्हणणं इतकंच, की शंभराच्या आतल्या शाळांना "जोडून घेणं" म्हणजे शेवटी भिंतीवर एक फोन नंबर येईल. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४११६ नव्हे, १४४१६ हा नंबर चांगलाच आहे (मीही चुकले, आठवीतलं पोर काय करेल!), पण तो ओट्यावर येऊन बसत नाही. प्रत्येक शाळेला स्वतंत्र माणूस देता येणार नाही, हे कळतं. मग दर पे-सेंटरमागे, म्हणजे एका मुख्य शाळेला जोडलेल्या आसपासच्या शाळांच्या गटामागे, एक द्या. त्याच्याकडे वर्ग नको, मतदार याद्या नकोत, आणि आठवड्यातून एक दिवस प्रत्येक शाळेत तो दिसला पाहिजे. तो राठवी शिकायला तयार असावा, ही मावशीची अट.

आपल्या लेखकाला तिच्याशी बोलायचं असेल तर ती घरीच असते, फक्त दुपारी दोन ते चार झोपते. वह्या बघायला मिळणार नाहीत, त्यात मुलांची नावं आहेत. आणि तिचं नाव छापायचं नाही, असं तिने मला दोनदा बजावलं आहे.

आपली,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे