जकुझीत उतरण्याआधी पाण्याचे तापमान विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गर्भवतींसाठीच्या छोट्या सहलींवर लेख आला होता. त्यात लोणावळा, महाबळेश्वर, गोवा इथली ‘बेबीमून’ पॅकेजे होती, खोलीतल्या जकुझीचे (गरम पाण्याचे जोरदार झोत, म्हणजे ‘जेट’, सोडणाऱ्या टबाचे) कौतुक होते आणि पाठ दुखत असेल, पाय सुजले असतील तर अर्धा तास जेटसमोर बसावे असा सल्लाही होता. पाणी किती गरम असावे याबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. गर्भवतीने जकुझीत बसावे की नाही हे त्या एका आकड्यावरच ठरते, म्हणून हे पत्र.

आधी एक भीती काढून टाकू. बुडबुड्यांनी किंवा पाण्याच्या घुसळणीने बाळाला इजा होत नाही. ते गर्भजलात, गर्भाशयाच्या जाड भिंतीआड असते. जेटच्या अगदी तोंडाशी बसू नये आणि दाबाचा झोत मांड्यांच्या मध्ये घेऊ नये, एवढे पथ्य पुरे. गर्भारपणात योनिमार्गातून दाबाने हवा आत गेली तर ती रक्तवाहिन्यांत शिरू शकते आणि ते जिवावर बेतते, म्हणून हे पथ्य. बाकी खरा मुद्दा उष्णतेचा आहे.

शरीर तापले की घाम येतो आणि तो वाळताना उष्णता घेऊन जातो. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाचा घाम वाळणार कुठे? पाणी ४० अंश सेल्सियस आणि शरीर ३७ अंश, म्हणजे उष्णता फक्त आत येत राहते. साध्या टबात पाणी हळूहळू निवते आणि कातडीलगत थोड्या निवलेल्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. जेट तो थर सतत उडवून लावतात. बशीतल्या चहावर फुंकर मारतो त्याच्या बरोब्बर उलटा प्रकार. शिवाय हीटर असलेल्या टबात पाणी निवतच नाही, यंत्र त्याला ४०वर धरून ठेवते. म्हणून घरच्या साध्या टबातली वीस मिनिटे आणि हीटरच्या जकुझीतली वीस मिनिटे एकसारखी मोजता येत नाहीत.

पोटातल्या बाळाला घाम गाळायची सोय नाही. त्याचे तापमान एरवीही आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्तच असते आणि त्याची उष्णता वारेतून आईच्या रक्तात उतरते. आई तापली की ती वाट अडते. आईच्या शरीराचे आतले तापमान ३९ अंशांच्या आसपास गेले की डॉक्टरांना काळजी वाटते ती यामुळे. ही काळजी सर्वांत जास्त सुरुवातीच्या आठवड्यांत असते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८व्या दिवसाच्या सुमारास मिटते. शेवटच्या पाळीपासून मोजले तर हा सहावा आठवडा, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना तोवर चाचणी करायचेही सुचलेले नसते. त्यामुळे ‘दिवस गेल्याचे कळले की जकुझी बंद’ हा हिशेब उशिराचा ठरतो. मूल हवे म्हणून प्रयत्न चालू असतील तर पाळीच्या तारखेआधीपासूनच कडक गरम टब आणि सौना (तापलेल्या हवेची खोली) टाळावेत. रोजचे ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडही गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचे असते, तेही याच नलिकेसाठी.

पुरावा काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे तपशील. बोस्टनच्या संशोधकांनी १९९२मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या आठवड्यांत हॉट टब वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत मज्जानलिकेच्या दोषांचे प्रमाण इतरांच्या २.८ पट आढळले. सौना आणि ताप यांसाठी ते १.८ पट होते. २००३मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात हॉट टब वापरणाऱ्यांत गर्भपाताचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९च्या एका एकत्रित आढाव्यात ४० अंशांच्या पाण्यात २० मिनिटांपर्यंत बसलेल्या एकाही गर्भवतीचे तापमान ३९ अंशांच्या वर गेले नव्हते. पण त्या प्रयोगांत पाणी मोजलेले होते, घड्याळ समोर होते आणि शरीराचे तापमान घेणारा माणूस शेजारी होता. कॅनडात १९८१मध्ये गर्भवती नसलेल्या स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात ३९ अंशांच्या पाण्यात शरीर ३८.९पर्यंत पोचायला निदान १५ मिनिटे लागली, ४१.१ अंशांच्या पाण्यात निदान १०. दोन अंशांच्या फरकाने पाच मिनिटे हातची जातात आणि कातडीला हा फरक धड कळतही नाही.

म्हणून आमचा सल्ला थोडा कर्मठ आहे. पहिल्या बारा आठवड्यांत हीटरच्या जकुझीत बसूच नये. पुढे, डॉक्टरांची हरकत नसेल तर, पाणी ३५ अंशांपर्यंत आणि वेळ दहा-पंधरा मिनिटे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने गर्भवतींसाठी जलोपचाराच्या तलावाला ३५ अंशांचीच मर्यादा सांगितली आहे. हे पाणी हाताला ‘गरम’ नाही, कोमट लागते आणि रिसॉर्टमध्ये ते ‘गार झालेय’ म्हणून वाढवून देण्याचा आग्रह होतो. तो मोडून काढावा. पाठ आणि पोटऱ्या मोकळ्या व्हायला पाण्याचा आधार आणि जेटचा दाब पुरतो. छाती, खांदे आणि हात पाण्याबाहेर ठेवावेत, वरच्या पायरीवर बसावे. फक्त पाय सोडून बसणार असाल तर हा सगळा हिशेब बराच सैल होतो.

तापमान पॅनेलवर वाचू नये. पॅनेलला आकडा देणारा संवेदक बहुधा हीटरच्या वाटेवर असतो, माणूस बसतो तिथे नाही. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचा तरंगता तापमापक किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल तापमापक सोबत न्यावा. जेट दोन मिनिटे चालू ठेवून पाणी सारखे करावे आणि मग बसण्याच्या जागी मोजावे. कोपर बुडवून अंदाज घेण्याची रीत बाळाच्या टबासाठी ठीक आहे; इथे अर्धा अंशही महत्त्वाचा.

दिवस गेल्याचे कळण्याआधी एकदोनदा गरम जकुझीत बसणे झाले असेल तर? घाबरून काहीही टोकाचे करू नये. वर दिलेले ‘पट’ मुळात छोट्या असलेल्या धोक्याचे आहेत आणि अशा बहुतेक स्त्रियांची बाळे निर्दोष जन्मतात. डॉक्टरांना सांगून ठेवावे, फॉलिक अॅसिड चालू ठेवावे आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नये. तापाबद्दलही तोच न्याय: गर्भारपणात ताप अंगावर काढू नये, विचारून पॅरासिटामॉल घ्यावे.

पुढच्या महिन्यांत अडचण वेगळी येते. गर्भारपणात रक्तवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात, गरम पाणी त्या आणखी सैल करते, रक्त पायांकडे उतरते, आणि झटकन उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. ओल्या फरशीवरचे ते पडणे पाण्यापेक्षा महाग पडते. वेळ संपली की आधी जेट बंद करावेत, काठावर दोन मिनिटे पाय आत सोडून बसावे, मग कुणाचा तरी हात धरून उठावे. विसाव्या आठवड्यानंतर टबात उताणे रेलू नये. गर्भाशयाचे ओझे मोठ्या रक्तवाहिनीवर पडून गरगरते. बसून राहावे किंवा डाव्या कुशीला कलावे. एकटीने कधीच उतरू नये, दाराला कडी लावू नये, पाण्याची बाटली जवळ ठेवावी. गरगरणे, धडधड, मळमळ, डोके दुखणे, पोट आवळून येणे यातले काहीही झाले तर घड्याळ न बघता बाहेर. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, अकाली कळांचा इतिहास असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, अंगात ताप असेल, तर हा नाद सोडावा. गर्भजल गळू लागल्यावर टब नाही, थेट रुग्णालय.

आता पाण्याची स्वच्छता. हा भाग रिसॉर्टवाले सर्वांत कमी सांगतात. कोमट, घुसळलेल्या पाण्यात क्लोरीन झपाट्याने उडून जाते. घुसळणीने पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, त्यामुळे पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचा आकडा) वर चढतो, आणि पीएच ८च्या पुढे गेला की उरलेल्या क्लोरीनचा बराचसा भाग निकामी होतो. बोअरवेलचे जड पाणी असेल तर आणखीच. सकाळी ठीक असलेले पाणी संध्याकाळी चौघे बसून गेल्यावर ठीक असेल असे नाही. क्लोरीन निदान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन), त्याऐवजी ब्रोमीन वापरत असतील तर निदान ४, पीएच ७.२ ते ७.८. चाचणीच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. बुडवायची, डबीवर लिहिलेले सेकंद थांबायचे, रंग जुळवायचा. नाकात झोंबणारा ‘क्लोरीनचा’ वास स्वच्छतेची खूण नाही. घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा तो वास असतो. पाणी बिघडले की स्यूडोमोनास जंतूंमुळे एकदोन दिवसांत पोहण्याच्या कपड्याखाली लाल पुळ्या येतात. लिजिओनेला हा जंतू बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. तो या कोमट पाण्यातच फोफावतो. बुळबुळीत कडा, गढूळपणा किंवा न विरणारा फेस दिसला तर उतरू नये, पैसे भरलेले असले तरी.

घरच्या व्हर्लपूल टबात पाणी दर वेळी सोडले जाते, पण जेटच्या नळ्यांत थोडे उरते आणि तिथे मळाचा थर बसतो. महिन्यातून एकदा टब सर्वांत वरच्या जेटच्या चार बोटे वर येईल इतका गरम पाण्याने भरावा, दोन चमचे कमी फेसाचा डिटर्जंट आणि अर्धा कप ब्लीच घालून दहा-पंधरा मिनिटे जेट चालवावेत, पाणी सोडावे, गार पाण्याने पुन्हा भरून पाच-दहा मिनिटे चालवावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर ते पाळावे. ब्लीचसोबत अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. हे काम गर्भवतीने करू नये. नारळाचे तेल, उटणे, बाथ सॉल्ट या टबात घालू नये. पाय घसरतात आणि नळ्या तुंबतात.

घरच्या टबाबाबत आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती गॅस गिझरची. टब साधारण २५० लिटरचा. विजेच्या २५ लिटरच्या गिझरमधून थंडीत ३५ अंशांचे जेमतेम ६०-६५ लिटर पाणी मिळते, म्हणून लोक गॅस गिझर बसवतात. मिनिटाला सहा लिटरचा गिझर हा टब भरायला अर्धा ते पाऊण तास पेटता राहतो. तो बंद न्हाणीघरात असेल तर तेवढ्या वेळात कार्बन मोनॉक्साइड जमतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, उलटी ही त्याची पहिली लक्षणे, आणि गर्भवतीच्या घरात ‘हिला होतेच की असे’ म्हणून ती सोडून दिली जातात. बाळाच्या रक्तात हा वायू आईच्या रक्तापेक्षा जास्त वेळ टिकतो, त्यामुळे आई सावरली तरी बाळ सुटलेले नसते. गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावा. ते शक्य नसेल तर टब भरेपर्यंत आत कोणी थांबू नये, खिडकी-दार उघडे ठेवावे, गिझर बंद करून मगच आत जावे. लक्षणे जाणवली तर उघड्यावर यावे आणि रुग्णालयात ‘गॅस गिझर’ हे शब्द स्वतःहून सांगावेत.

लांब केस अंबाड्यात घट्ट बांधावेत. पाणी आत ओढणारी जाळी तुटलेली असली तर केस गुंततात आणि डोके पाण्याखाली अडकते. उतरण्याआधी जाळी हाताने चाचपावी, मोटारीचे बटण कुठे आहे ते सोबतच्या माणसाला दाखवून ठेवावे. मोटारीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, तुरळ, राजापूर इथल्या उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, कुंडांबद्दलही विचारणा होते. तिथे तापमान कुंडागणिक बदलते, ते कमी करायची सोय नाही आणि जंतुनाशक नाही. दर्शन घ्यावे, कुंडात उतरू नये. बादली-तांब्याच्या कढत आंघोळीची मात्र कुणी धास्ती घेऊ नये. अंग बुडालेले नसते, अंगावरून ओघळताना पाणी निवते आणि पाच मिनिटांत आंघोळ उरकते.

बाळंतपणानंतर टाके भरून स्राव थांबेपर्यंत, सहसा सहा आठवडे, सार्वजनिक टब नको. काही रुग्णालयांत कळांच्या वेळी पाण्याचा टब वापरतात. तिथे पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत आणि दर तासाला मोजतात.

हॉटेल आणि रिसॉर्टचालकांकडे एकच मागणी आहे. प्रत्येक टबाजवळ तापमान, क्लोरीन आणि पीएच या तीन आकड्यांची, तपासणीची वेळ लिहिलेली पाटी लावा आणि ‘गर्भवतींसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खोलीतला टब पाहुणी येण्याआधी ३५ अंशांवर आणून ठेवा. ४०वरून तिथे उतरायला टबाला बराच वेळ लागतो, म्हणून हे आरक्षण घेतानाच ठरवावे लागेल. पुरवणीत पुढच्या वेळी ‘अर्धा तास’ छापण्याआधी शेजारी अंशही छापावेत.

— एक प्रसूतितज्ज्ञ आणि एक तरणतलाव-देखभाल अभियंता, पुणे