वळलेली सात मते कोणाची?

महोदय,

राज्यसभा किंवा विधान परिषदेची निवडणूक आली की ‘अमक्याची जादा मते तमक्याकडे वळली’ असे सर्रास छापून येते. जून 2022 मध्ये राज्यातील राज्यसभेच्या सहा जागांसाठी 284 मते वैध ठरली. कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, 41 चा होता आणि पीयूष गोयल यांना पहिल्या पसंतीची 48 मते पडली. मग वळली ती सात मते कोणत्या आमदारांची? कोणाचीच नाहीत. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीकडे सरकतात, फक्त घटलेल्या किमतीने.

हेच गणित ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाने थेट सामान्य मतदारासाठी वापरले. अॅटर्नी जनरल अँड्र्यू इंग्लिस क्लार्क यांनी 1896 मध्ये ते होबार्ट (6 जागा) आणि लाँसेस्टन (4 जागा) यांच्यापुरते आणले. 1907 च्या कायद्याने ते राज्यभर लागू झाले आणि 30 एप्रिल 1909 रोजी अख्खी विधानसभा तसेच निवडली गेली. ते पाहायला क्लार्क राहिले नव्हते. बास, डार्विन, डेनिसन, फ्रँकलिन आणि विल्मट असे पाच मतदारसंघ होते, प्रत्येकी सहा जागांचे. (हे डार्विन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचे शहर नव्हे.) मतदाराने निदान तीन पसंती लिहायच्या, नाहीतर मत बाद. आपल्याकडे नुसती पहिली पसंती लिहिली तरी चालते.

कोटा दोन्हीकडे एकच: वैध मतांना सातने (सहा जागा अधिक एक) भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. आपल्याकडे प्रत्येक पत्रिकेची किंमत 100 धरतात, म्हणून 28,400 भागिले 7, अधिक 1, म्हणजे 4,058. गोयल यांचे 4,800, शिल्लक 742. सगळ्या 48 पत्रिकांवर पुढची पसंती असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला 15 येतात. उरलेले 22 सोडून द्यायचे. घोळ होतो तो पुढच्या फेरीत. एखादा उमेदवार दुसऱ्याकडून आलेल्या मतांवर कोटा ओलांडतो तेव्हा फक्त शेवटी आलेला गठ्ठा वाटायचा असतो, त्याचा सगळा ढीग नव्हे. म्हणून गठ्ठे एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

1909 मध्ये मजूर पक्षाला सुमारे 39 टक्के मते आणि तीसपैकी 12 जागा मिळाल्या. मतांच्या मानाने जागा चोख! खोट होती ती सहा या सम आकड्यात, कारण दोन पक्ष तुल्यबळ झाले की मतदारसंघात तीन-तीन वाटणी व्हायची. 1955 आणि 1956 मध्ये तर विधानसभाच 15-15 अशी अडली. अखेर 1959 पासून प्रत्येक मतदारसंघाला सात जागा देण्यात आल्या.

— एक वाचक, सातारा